तक्ता देखणा, पण सहकार्य कोणी केलं?

चिकित्सक विचार, सहकार्य, संवाद, सर्जनशीलता ही शिक्षकांनी मुलांमध्ये जोखायच्या चार कौशल्यांची नावं तुम्हाला पाठ असतीलच. व्याख्या इथे देत नाही. त्या कुठेही मिळतात आणि वर्गात उभं राहिल्यावर फारशा कामाला येत नाहीत. खरी अडचण पुढे आहे. नोंदवहीत ‘सहकार्य’ असा रकाना असतो, समोर ४० मुलं असतात, तास ३५ मिनिटांचा असतो आणि महिनाअखेर त्या रकान्यात काहीतरी भरायचं असतं. मग हात आपोआप सर्वांत जवळच्या पुराव्याकडे जातो. तो पुरावा म्हणजे भिंतीवर लावलेला तक्ता.

इथेच पाय घसरतो, आणि घसरलाय हे पुष्कळ दिवस कळतही नाही. म्हणून हे जरा लांबण लावून सांगते.

चार मुलांनी जलचक्राचा तक्ता आणून दिला. अक्षर टपोरं, कडेला नक्षी, बाण जिथल्या तिथे. तुम्ही चौघांच्याही नावापुढे ‘सहकार्य: अ’ लिहिलं. पण तुम्ही पाहिलं काय? कागद पाहिला. तो कागद चार तऱ्हांनी तयार झालेला असू शकतो: एकीने रात्री बसून सगळा केला, दोघांनी केला आणि दोघांनी कात्री-डिंक पुरवला, घरातल्या मोठ्या माणसाने करून दिला, किंवा चौघांनी खरोखर मिळून केला. भिंतीवर चारही तक्ते सारखेच दिसतात. उलट एकटीने केलेलाच जास्त नेटका असतो, कारण तिथे वादच झालेला नसतो. मिळून केलेल्या कामात अक्षरं वेगवेगळी असतात, खाडाखोड असते, एखादा कोपरा वेळेअभावी राहून गेलेला असतो. म्हणजे तक्त्यावरून सहकार्याला श्रेणी देणारा शिक्षक नुसता चुकत नाही, बऱ्याचदा नेमका उलटा निकाल लावतो. मुलं हे झटकन ओळखतात. पुढच्या वेळी गट सरळ चित्र बरं येणाऱ्याच्या हाती कागद देतो आणि बाकीचे निवांत बसतात. ‘असं नको, आपण वाटून घेऊ’ म्हणणारं एखादं मूल मात्र भांडखोर ठरतं.

याच्या मुळाशी एक जुनी गोष्ट आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्येच दाखवलं होतं, की लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना वेगवेगळ्या वैशिष्ट्यांबद्दल वेगवेगळे गुण द्यायचे म्हटले, तरी एका वैशिष्ट्याची छाप बाकी सगळ्यांवर पडते. आपल्याकडे ती छाप बहुधा सुंदर हस्ताक्षराची किंवा चटचट उत्तर देण्याच्या सवयीची असते. स्वतःची परीक्षा घ्यायची तर सोपी आहे. नोंदवही उघडा, टापटिपीचा रकाना आणि सहकार्याचा रकाना शेजारी शेजारी धरा. दोन्हींत वरची दहा मुलं तीच निघाली, तर एकच गोष्ट दोन नावांनी मोजली गेल्याचा दाट संशय धरा.

उपाय अवघड नाही, चिकाटीचा आहे. तक्त्याची श्रेणी आणि कौशल्याची नोंद वेगवेगळ्या दिवशी भरा. गटकार्य संपल्याबरोबर प्रत्येक मुलाकडून एकट्याने तीन मिनिटांची चिठ्ठी लिहून घ्या. प्रश्न तीनच. तुझी कुठली सूचना गटाने घेतली नाही, आणि का? कोणाच्या म्हणण्यामुळे तुझं मत बदललं? जो भाग तू केला नाहीस, तो थोडक्यात समजावून सांग. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत बोलकं असतं. मिळून काम झालेल्या गटात दुसऱ्याचा भागही थोडाफार सांगता येतो. वाटून टाकलेल्या कामात येत नाही. कच्चा कागद कधीही फेकू नका. प्रत्येकाला वेगळ्या रंगाचं पेन देण्याची युक्ती बरी आहे, पण तिच्यावर विसंबू नका. रंगावरून लिहिलं कोणी ते कळतं, सुचलं कोणाला ते कळत नाही.

आता मुळात कामच कसं दिलं आहे ते पाहा. एकट्याने होणारं काम चौघांना दिलं, तर त्यात सहकार्य दिसणारच नाही, मग तुमचे निकष कितीही सुबक असोत. एक नमुना देते. ३० सेंटिमीटरच्या फटीवर कागदाचा पूल बांधायचा. साहित्य चार कागद आणि अर्धा मीटर चिकटपट्टी. माहिती चार चिठ्ठ्यांत तोडून द्यायची: एकीत किती वजन पेलायचं ते, दुसरीत साहित्याचे नियम, तिसरीत घड्या घातल्यावर कागद ताठ होतो हे दाखवणारी आकृती, चौथीत चाचणी कशी होणार ते. चिठ्ठी दुसऱ्याला दाखवायची नाही, तोंडीच सांगायची. आता कोणालाच एकट्याने पुढे जाता येत नाही. गट चौघांचाच ठेवा. सहा जण झाले की दोघं हमखास प्रेक्षक होतात.

निरीक्षणाचं गणित आधी कागदावर मांडा. सगळ्या वर्गाचं सगळं एका तासात पाहायला जाल तर हाती काहीच लागणार नाही. एका तासाला दोन गट, म्हणजे आठ मुलं, आणि कौशल्य एकच. पहिल्या गटाजवळ चार मिनिटं, मग दुसऱ्याजवळ चार, अशा तीन फेऱ्या: २४ मिनिटं. उरलेल्या ११ मिनिटांत सूचना, चिठ्ठी आणि आवराआवर. ४० मुलांना पाच तास लागतात. पंधरवड्यात एका कौशल्याची एक फेरी झाली तरी ती पुष्कळ झाली, घाई करू नका. बाकीची ३२ मुलं त्या वेळी तेच काम करत असतात आणि सारखी हाका मारतात. त्यासाठी नियम आधीच सांगून ठेवा: अडलं तर आधी गटात विचारा, मग शेजारच्या गटाला, आणि शेवटी शिक्षकांना. गोंगाट होईल. होऊ द्या.

टिपायचं काय? कृती टिपायच्या, विशेषणं नाहीत. ‘उत्साही’, ‘समजूतदार’, ‘नेतृत्वगुण आहेत’ हे शब्द निरीक्षणाच्या कागदावर बंद. त्याऐवजी खुणा ठरवा: ‘प्र’ म्हणजे दुसऱ्याला प्रश्न विचारला, ‘का’ म्हणजे कारण देऊन बोलला, ‘जो’ म्हणजे दुसऱ्याच्या कल्पनेला आपली जोड दिली, ‘बो’ म्हणजे गप्प बसलेल्याला बोलतं केलं, ‘तो’ म्हणजे दुसऱ्याचं बोलणं तोडलं. पाचच पुरेत, दहा केल्यात तर मान खाली घालून खुणाच शोधत बसाल. शक्य तिथे मुलाचं एखादं वाक्य जसंच्या तसं लिहा. आणि हे त्याच दिवशी पूर्ण करा. शनिवारी बसून सोमवारचं आठवून लिहिलेली वर्णनात्मक नोंद ही निम्मी कल्पनाच असते.

निकषांच्या पायऱ्या चार ठेवा. पाच किंवा तीन केल्या की हात मधल्या पायरीवरच जातो. सहकार्यासाठी अशा चालतात:

पहिली: आपला भाग करतो, दुसऱ्याच्या भागाकडे पाहत नाही.
दुसरी: ऐकतो, पण कारण न देताच मान डोलावतो किंवा नाही म्हणतो.
तिसरी: दुसऱ्याच्या कल्पनेवर प्रश्न विचारतो किंवा तिला जोड देतो, पटलं तर आपलं मत बदलतो.
चौथी: काम कुठे अडलंय ते ओळखून वाटणी बदलतो, मागे राहिलेल्याला आत घेतो.

‘उत्तम, चांगला, बरा, असमाधानकारक’ या काही पायऱ्या नव्हेत, ते शिक्के आहेत. तयार रुब्रिक, म्हणजे पायरीवार निकषांची यादी, उतरवून घेण्याबद्दलही स्पष्टच बोलते: दहा मिनिटांत मिळालेलं रुब्रिक पहिल्या तासालाच दगा देतं, कारण त्यातली वाक्यं तुमच्या मुलांच्या कामातून आलेली नसतात. आधी मुलांच्या कामाचे आठ-दहा नमुने समोर पसरा, कमी-जास्त अशा चार ढिगांत लावा आणि दोन ढिगांत फरक नेमका कशाने पडला ते शब्दांत मांडा. रुब्रिक त्यातून निघतं. वेळ जातो, हे खरंच आहे.

गप्प मुलांबद्दल सावध राहा. गप्प म्हणजे असहकारी नव्हे. काही मुलं बोलत नाहीत, पण दुसऱ्याने सांगितल्यावर हातातली घडी उलगडून पुन्हा घालतात. तीही ‘जो’च आहे. आणि जोडीदाराचा परिणाम फार मोठा असतो. ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी-चाचणीत २०१५ मध्ये मुलांना एकत्र प्रश्न सोडवायला दिले, तेव्हा जोडीदार म्हणून संगणकावरची पात्रं ठेवली होती, म्हणजे कोणाला चांगला आणि कोणाला वाईट जोडीदार मिळाला हा प्रश्नच उरला नाही. आपल्याला ते शक्य नाही. आपण एवढं करू शकतो, की निदान दोन वेगळ्या गटांत पाहिल्याशिवाय मुलाची पायरी पक्की करायची नाही.

चिकित्सक विचारासाठी गटकार्याची गरजच नाही. एकाच घटनेबद्दल परस्परविरोधी सांगणारे दोन छोटे उतारे द्या, प्रत्येकी ८० ते १०० शब्दांचे. विचारा: कोणावर विश्वास ठेवशील? कशामुळे? आणि कोणती माहिती मिळाली तर तुझं मत बदलेल? शेवटचा प्रश्न गाळू नका, खरी परीक्षा तिथेच आहे. ‘दुसरा उतारा खरा वाटतो’ ही पहिली पायरी. ‘त्यात आकडे आहेत’ ही दुसरी. ‘आकडे आहेत, पण मोजले कोणी ते दिलेलं नाही’ ही तिसरी. आणि स्वतःच्याच निष्कर्षातली कच्ची बाजू दाखवली तर चौथी. विषय मात्र शिकवून झालेलाच घ्या. ज्या विषयाची माहितीच नाही त्यावर कोणीही धड शंका काढू शकत नाही, आणि तुम्ही अज्ञानाला विचारशून्यता समजून बसाल. तोंडी विचारत असाल तर प्रश्नानंतर थांबा. मेरी बड रो या शिक्षणसंशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफितींवरून दाखवलं, की शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात आणि त्यांत कारणंही येऊ लागतात. मनात एक-दोन-तीन मोजा. सुरुवातीला ती शांतता अंगावर येते, हे मान्य.

सर्जनशीलतेत लोक फार गोंधळ घालतात. चित्र छान म्हणजे मूल सर्जनशील, असं नाही. मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांच्या मांडणीतले चार घटक कामाला येतात: किती कल्पना सुचल्या, त्या किती वेगळ्या प्रकारच्या आहेत, इतरांपेक्षा किती निराळ्या आहेत, आणि किती तपशिलाने फुलवल्या आहेत. विटेचे उपयोग सांगताना ‘घर, भिंत, कुंपण, ओटा’ असे चार लिहिले तर संख्या चार, पण प्रकार एकच: बांधकाम. ‘भिंत, कागदावर ठेवायचं वजन, घासून लाल रंग’ हे तीनच, पण प्रकार तीन. वेळ पाच मिनिटं द्या आणि दोन्ही आकडे वेगळे लिहा. याहून उपयोगी पुरावा म्हणजे पहिला आणि दुसरा मसुदा. दोन्हींत काय बदललं आणि ते बदलायचं कोणी सुचवलं, एवढं पाहा.

संवादासाठी एकच युक्ती सांगते: तीच माहिती आधी पहिलीतल्या मुलाला आणि मग मोठ्या माणसाला सांगायला लावा. शब्द, क्रम, उदाहरणं बदलली का ते पाहा. आवाजाचा खणखणीतपणा आणि सभाधीटपणा मोजू नका.

मुलांनी एकमेकांना गुण द्यायचे, हा आडमार्ग मला अजिबात आवडत नाही. त्यात मैत्री मोजली जाते. ‘कोणी चांगलं काम केलं?’ ऐवजी ‘कोणाच्या कुठल्या सूचनेमुळे तुमचं काम बदललं?’ असं विचारा, आणि चिठ्ठी दुमडून घ्या.

दुसऱ्या शिक्षकाची नजर हवीच. दहा नमुने दोघांनी वेगवेगळे बसून तपासा, मग जुळवा. सात-आठ जुळले तर ठीक. पण दोघांनीही सगळ्यांना तिसरीच पायरी दिली असेल तर त्या जुळण्याला अर्थ नाही. दोन पायऱ्यांचा फरक पडलेला नमुना दिसला की आधी निकषाचं वाक्य दुरुस्त करा, एकमेकांना नव्हे. प्रशिक्षणांत मोठमोठे शब्द ऐकवणाऱ्यापेक्षा वीस मिनिटं तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसून खुणा टिपून देणारा सहकारी मिळाला तर त्याला सोडू नका.

शेवटी नोंद. वेगवेगळ्या कामांतले निदान तीन पुरावे झाल्याशिवाय पायरी लिहू नका, आणि त्यांची सरासरी काढू नका. जूनमध्ये पहिल्या पायरीवर असलेलं मूल नोव्हेंबरमध्ये तिसरीवर आलं, तर ते दुसरीवर नाही, तिसरीवर आहे. मुलाच्या हाती देताना श्रेणी टाळून शेरा द्या. संशोधक रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेल्यांचं पुढचं काम सुधारलं; शेऱ्याबरोबर गुणही दिले तेव्हा तो फायदा दिसला नाही. शेरा दोन वाक्यांचा पुरे: ‘मीनाची कल्पना तू पुढे नेलीस. पुढच्या वेळी नाही म्हणताना कारणही सांग.’ श्रेणी द्यावीच लागत असेल तर शेऱ्यानंतर दोन दिवसांनी द्या.

पहिल्या महिन्यात तुमचे निम्मे कागद कोरे राहतील, एखादा गट पाहायचाच राहून जाईल. त्या रकान्यात अंदाजाने काही भरू नका. ‘अजून पाहिलं नाही’ असं लिहा आणि पुढच्या फेरीत त्या मुलांपासून सुरुवात करा.