एल्कच्या शिकारीला जाताना पाठीवर किती किलो घ्यायचे?

अमेरिकेत कोलोरॅडोत एल्कच्या (तिथलं एक मोठं हरीण) शिकारीला पहिल्यांदा निघालेला माणूस हमखास विचारतो की पॅक किती किलोचा असावा, आणि कोणीतरी लगेच ठोकून देतं, स्वतःच्या वजनाच्या २५ टक्के. नियम वाईट नाहीये, पण तो ट्रेकवाल्यांचा आहे. ट्रेकला खाऊ संपत जातो तसा पॅक हलका होत जातो. शिकारीत नशीब फळफळलं तर एका गोळीनंतर तुमच्याकडे ८०-९० किलो सामान जास्तीचं येतं आणि ते तुम्हालाच वाहायचं असतं. (भारतातून वाचणाऱ्यांसाठी, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, हे सगळं अमेरिकेत लायसन्स आणि टॅग (एका प्राण्यापुरती परवानगी) काढून केलेल्या शिकारीबद्दल आहे.)

म्हणून हिशोब उलटा करा. आधी परतीचं ओझं, मग अंतर आणि सगळ्यात शेवटी जातानाचा पॅक.

मोठ्या नर एल्कचं हाडं काढलेलं मांस साधारण ८०-९० किलो भरतं. मागच्या दोन मांड्या प्रत्येकी एक खेप, पुढचे दोन खांदे मिळून एक, आणि बॅकस्ट्रॅप, टेंडरलॉइन (दोन्ही पाठीच्या कण्यालगतचं मांस), मानेचं मांस वगैरे मिळून चौथी. म्हणजे एकट्या माणसाला चार खेपा. आता समजा गाडीपासून ४ किमी आत शिकार झाली. चार वेळा भरलेला पॅक घेऊन बाहेर आणि मधे तीन वेळा रिकामं आत, म्हणजे सात फेऱ्या, २८ किमी. त्यातले १६ किमी पाठीवर २५ किलोच्या आसपास, तेही ३,००० मीटर उंचीवर आणि पडलेली झाडं ओलांडत. तुमचा तंबू पण तिथेच आत असेल तर त्याची पाचवी खेप, ३६ किमी. हेच दोघं असाल तर चार खेपांसाठी प्रत्येकी १२ किमीच पडतात, म्हणून मी तरी एकट्या माणसाला ३-४ किमीच्या पलीकडे एल्कवर गोळी झाडू नकोस असंच सांगतो, मग समोर कितीही मोठी शिंगं दिसू देत.

आणि अर्धं मांस ठेवून येऊ असं चालत नाही, खाण्याजोगं मांस जंगलात वाया घालवणं कोलोरॅडोत गुन्हा आहे. सप्टेंबरच्या धनुष्यबाणाच्या सीझनमध्ये तर दुपारी चांगलं ऊन असतं, सावलीत झाडाला टांगलेलं मांससुद्धा फार वेळ राहू देता येत नाही. हाडं तिथेच काढली तर मागच्या एका मांडीमागेच दोन-तीन किलो वाचतात, फक्त नर की मादी याचा पुरावा मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो, तो सुरीच्या भरात कापून टाकू नका.

अंतर ठरलं की जातानाचा पॅक बघा. रिकामा फ्रेमवाला पॅक अडीच-तीन किलो. तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट मिळून तीन-साडेतीन. कपडे दोन. स्टोव्ह, गॅस, हेडलॅम्प, फर्स्ट एड, सॅटेलाइट मेसेंजर, फिल्टर मिळून दीड-दोन. सुरी, दोरी आणि गेम बॅग्स (मांस भरायच्या कापडी पिशव्या) पाऊण किलो. बायनॉक्युलर आणि ट्रायपॉड दोन. स्कोपसकट रायफल साडेतीन-चार. चार दिवसांचं खाणं तीन-साडेतीन, दोन लिटर पाणी. सगळं मिळून २०-२३ किलो. ७० किलोच्या माणसासाठी हे २५ टक्क्यांच्या वर गेलं आणि अजून तर एल्क दिसलापण नाही.

मग काय काढायचं? सगळ्यात आधी स्पॉटिंग स्कोप (लांबचं बघायची मोठी दुर्बीण), तो मी वरच्या यादीत धरलाच नाहीये. कोलोरॅडोत बहुतेक ठिकाणी नराच्या एका शिंगाला चार टोकं किंवा पाच इंचांचा ब्रो टाइन (शिंगाच्या बुडाजवळचा फाटा) लागतो, ते दाट झाडीत बायनॉक्युलरनेच कळतं. नंतर कपडे. जास्तीची जीन्स, जास्तीचा स्वेटर, सगळं गाडीत ठेवा, जास्तीचे मोजे मात्र सोबत असू देत. पाणी प्रत्येक लिटरमागे एक किलो, ओढा जवळ असेल तर एकच लिटर न्या आणि फिल्टर करा, पण कड्यावर दिवस काढणार असाल तर इथे कंजूषपणा नको. फिल्टर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, गोठला की गेला कामातून.

खाण्यात आपण लोक नशीबवान. शेंगदाण्याचे लाडू, सुकं खोबरं, तूप लावलेले ठेपले, यात १०० ग्रॅममागे कॅलरी भरपूर आणि शिजवायची भानगड नाही. सह्याद्रीत गडाखालच्या गावात पिठलं-भाकरी मिळते, इथे कोणी देणारं नाही, दिवसाला ८०० ग्रॅम तरी धरा. चिवडा मात्र जागा फार खातो.

गेम बॅग्स, सुरी, फर्स्ट एड आणि फ्रेम यातलं काही कमी करू नका. दीड किलोचा हलका ट्रेकिंग पॅक बघून भुरळ पडते, पण २५ किलो मांस घातलं की तो खांद्यात रुततो, वजन कमरेवर येतच नाही.

निघायच्या महिनाभर आधी इंडियन स्टोअरमधल्या २० पौंडी तांदळाच्या तीन गोण्या पॅकमध्ये घाला, म्हणजे साधारण २७ किलो. वजन पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या मधे. आधी पट्टा कमरेच्या हाडावर घट्ट, मग खांद्याचे पट्टे. बसून पॅक चढवा आणि काठीवर जोर देऊन उठा, कंबर वाकवून उचलू नका. मग चढ चढून बघा, आणि उतार तर नक्कीच, कारण गुडघे उतारावर बोलतात. तासाभरात जितके किमी होतील त्याच्या अर्धेच डोंगरात धरा आणि वरचा २८ किमीचा हिशोब या आकड्याने पुन्हा मांडा. दोन दिवसांपेक्षा जास्त लागत असतील तर अंतर कमी करा, नाहीतर घोड्यावरून मांस आणून देणाऱ्या रजिस्टर्ड आउटफिटरशी सीझनच्या आधीच बोलून ठेवा, ऐनवेळी त्यांचे घोडे दुसऱ्याच्या एल्कखाली असतात.