हुमणी आवरत नाही? मग या चुका टाळा

ऑगस्टमध्ये उसाची पाने पिवळी पडू लागली की कृषी सेवा केंद्रात गर्दी होते. बेट जरा ओढले तर अलगद हातात येते, कारण खाली मुळेच उरलेली नसतात. माती उकरली की पांढुरक्या, तपकिरी डोक्याच्या, अंगाची कमान करून पडलेल्या अळ्या दिसतात. मग महागडे औषध आणून आळवणी होते, म्हणजे ते पाण्यात मिसळून मुळाशी ओतले जाते, आणि पंधरा दिवसांनी तक्रार येते की औषध बनावट होते. औषध बहुतेक वेळा चांगलेच असते, पण वेळ टळून गेलेली असते.

हुमणी ही भुंगेऱ्याची अळी. आपल्याकडच्या मुख्य जातीची वर्षाला एकच पिढी होते. वळवाचा चांगला पाऊस झाला की जमिनीतले भुंगेरे संध्याकाळी बाहेर पडतात, कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात, पाला खातात, तिथेच मिलन होते आणि उजाडायच्या आत पुन्हा मातीत शिरतात. मादी मातीत अंडी घालते. अळी लहान असताना कुजका पाला, बारीक मुळे यांवर भागवते. तिसऱ्या अवस्थेत मात्र तिची भूक प्रचंड वाढते, आणि नेमकी तेव्हाच ती आपल्या नजरेस येते. एवढ्या मोठ्या अळीपर्यंत पुरेसे औषध पोचवणे अवघड, त्यात ऊस वाढलेला असल्याने शेतात शिरणेही कठीण. म्हणून खरी लढाई मे-जूनमधली. ती हुकली की ऑगस्टमध्ये फक्त नुकसान थोडे कमी करता येते.

पहिल्या पावसानंतर अंधार पडला की बांधावरच्या कडुनिंबाखाली बॅटरी घेऊन उभे राहा. भुंगेरे असतील तर पानांची खरखर ऐकू येते. फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे गोळा करा आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. सलग काही रात्री हे करावे लागते. एकट्याने करून मात्र भागत नाही. शेजाऱ्याच्या बाभळीवरचा भुंगेरा बांध ओळखत नाही. गावाने, निदान शिवाराने मिळून केले तरच फरक दिसतो.

प्रकाश सापळा लावतात तोही बऱ्याचदा चुकीच्या पद्धतीने. रात्रभर आणि हंगामभर दिवा जळत ठेवला की त्यात मित्रकीटकही मरतात. हुमणीचे भुंगेरे अंधार पडल्यानंतरच्या दोन-तीन तासांतच जास्त सापडतात. तेवढाच वेळ सापळा चालू ठेवा.

शेणखताबद्दलचा गैरसमज तर फारच चिवट आहे. उकिरड्यात जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या की लोक घाबरतात आणि कधीकधी खतच टाकून देतात. त्यातल्या बऱ्याच अळ्या हुमणीच्या नसतात. एक अळी सपाट फरशीवर ठेवून पाहा. पाय वर करून पाठीवर सरपटू लागली तर ती फुलांवरच्या भुंगेऱ्यांच्या कुळातली. ती शेण कुजवते, जिवंत मुळांच्या वाटेला जात नाही. फारच जाडजूड असेल तर ती गेंड्या भुंग्याचीही असू शकते. त्याची अळी कुजके खाते आणि मोठा झालेला भुंगा नारळाचा कोंब पोखरतो, त्यामुळे कोकणात तिला उकिरड्यातच वेचून काढावे. खत फेकून देऊ नका, पण कच्चेही वापरू नका.

जगात भुंगेऱ्यांच्या चार लाखांच्या आसपास जाती नोंदलेल्या आहेत. त्यातल्या मोजक्याच पिकाच्या मुळावर येतात, आणि त्यामागे बहुधा माणसाचाच हात असतो. अमेरिकेतला कोलोराडो भुंगेरा डोंगराळ भागातल्या एका रानटी काटेरी झाडावर जगायचा. वसाहतवाल्यांनी बटाटा पश्चिमेकडे नेला, त्याला आयते ताट मिळाले आणि 1859 पासून तो बटाट्याची कीड म्हणून गाजू लागला. आपल्याकडे हेच उसात घडते. लागण, मग तोडलेल्या उसाच्या खुंटांतून फुटलेला खोडवा, पुन्हा खोडवा, म्हणजे वर्षानुवर्षे तेच पीक आणि नांगर न लागलेली जमीन.

जालीम उपाय बाहेरून आणायची घाई ऑस्ट्रेलियाने 1935 मध्ये केली. क्वीन्सलँडच्या उसातले भुंगेरे खातील म्हणून हवाईहून भलेमोठे बेडूक आणून सोडले. भुंगेरे उसाच्या शेंड्याकडे, बेडूक जमिनीवर! भुंगेरे कमी झाले नाहीत आणि बेडूकच नवे संकट होऊन बसले.

हुमणीच्या अळीला रोग लावून मारणारी मेटारायझियम बुरशी वापरून गुण आला नाही, असे सांगणाऱ्याला आधी विचारावे की टाकली कशी. भर उन्हात, कोरड्या मातीत किंवा रासायनिक बुरशीनाशकासोबत टाकली असेल तर ती काय काम करणार? चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, जमिनीत ओल असताना, ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी द्या आणि मातीआड करा. तिचा परिणाम हळू दिसतो. बाधलेली अळी कडक होते आणि तिच्यावर आधी पांढरी, मग हिरवी पूड दिसते. अशा अळ्या फेकू नका, मातीतच राहू द्या.

प्रादुर्भाव जास्त असलेल्या रानात खोडवा ठेवणे ही मला सर्वांत महागात पडणारी चूक वाटते. असे रान तोडणीनंतर खोल नांगरा, दिवसा नांगरा, आणि मागून येणारे बगळे, साळुंक्या, कावळे यांना हुसकावू नका. रासायनिक औषध वापरायचेच झाले तर उसासाठी शिफारस आहे ना, हे लेबलवर पाहूनच घ्या.