क्रोएशियन बास्केटबॉलचा बॉक्स स्कोअर वाचायचा कसा

झादर, स्प्लिट किंवा त्सिबोना या क्रोएशियन क्लबांपैकी कुणाची मॅच संपते न संपते तोच दोन्ही संघांच्या आकड्यांचा तक्ता, म्हणजे बॉक्स स्कोअर, ऑनलाइन येतो. बहुतेकांची नजर आधी उजव्या टोकाच्या गुणांच्या रकान्याकडे जाते. तो रकाना शेवटी बघा. गुण किती झाले यापेक्षा ते किती संधींत झाले हे कामाचं.

नावाशेजारी तारा असलेले पाच जण सुरुवातीला उतरलेले. पुढे मिनिटं, मग शॉट, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं), असिस्ट (बास्केटला नेणारा पास), टर्नओव्हर (चेंडू गमावणं), स्टील (चेंडू हिसकावणं), ब्लॉक (शॉट अडवणं), फाउल, प्लस-मायनस (खेळाडू मैदानावर असताना संघाने केलेले गुण वजा खाल्लेले गुण), एफिशियन्सी (खेळाडूच्या कामगिरीचा एकत्रित आकडा) आणि गुण. तक्ता क्रोएशियन भाषेत असेल तर स्लोबोद्ना बात्सान्या म्हणजे फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट), स्कोकोवी म्हणजे रिबाउंड, उक्रादेने लोप्ते म्हणजे स्टील आणि इझगुब्लेने लोप्ते म्हणजे टर्नओव्हर. शेवटचे दोन घाईत हमखास उलटे वाचले जातात.

आधी तक्ता तपासा

गुणांचा हिशेब जुळतो का ते बघायला त्सिबोनाचा नावाजलेला खेळाडू द्राझेन पेत्रोविचची मॅच घ्या. ५ ऑक्टोबर १९८५ रोजी युगोस्लाव्ह लीगमध्ये त्सिबोनाने ल्युब्ल्यानाच्या ओलिंपियाला १५८–७७ हरवलं आणि त्यात पेत्रोविचचे एकट्याचे ११२ गुण होते. आकडे असे (आधी गेलेले, मग एकूण प्रयत्न): एकूण शॉट ४०/६०, त्यातले थ्री, म्हणजे लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट, १०/२०, फ्री थ्रो २२/२२. नवखा माणूस ४० ला २ ने गुणतो, वर थ्रीचे ३० आणि फ्री थ्रोचे २२ मिळवतो आणि १३२ वर पोचतो. एकूण शॉटच्या रकान्यात थ्री आधीच धरलेले असतात. म्हणून दोनचे बास्केट ३०, त्यांचे ६०, थ्रीचे ३०, फ्री थ्रोचे २२, बेरीज ११२. (समोर ओलिंपियाची पोरसवदा टीम होती, हेही लक्षात असू द्या. आकडे प्रतिस्पर्धी कोण होता ते सांगत नाहीत.)

मिनिटांची बेरीज २०० यायला हवी: पाच जण, ४० मिनिटं. ओव्हरटाइम पाच मिनिटांचा, त्यामुळे एक झाला तर २२५. प्लस-मायनसची बेरीज विजयाच्या फरकाच्या पाचपट असते. ९ गुणांनी जिंकलेल्या संघाची ४५.

रिबाउंड मात्र खेळाडूंच्या बेरजेत जुळणार नाहीत, आणि ती चूक नव्हे. हुकलेला शॉट कुणाच्या हाती न लागता बाहेर गेला तर तो रिबाउंड संघाच्या नावावर पडतो. २४ सेकंदांत शॉट न घेतल्याचा टर्नओव्हरही तसाच. हे सगळं तळाच्या ‘टीम/कोच’ ओळीत सापडतं. कोचला मिळालेला टेक्निकल फाउलही तिथेच.

शॉटची खरी किंमत

नुसत्या टक्केवारीवर जाऊ नका. एकाने ८/१६ मारले, सगळे दोनचे. दुसऱ्याने ६/१६, त्यात चार थ्री. पहिल्याचे ५० टक्के, दुसऱ्याचे ३७.५, पण गुण दोघांचेही १६. म्हणून इफेक्टिव्ह टक्केवारी काढायची: एकूण बास्केटमध्ये थ्रीची निम्मी संख्या मिळवा आणि एकूण प्रयत्नांनी भागा. दोघांचेही ५० टक्के येतात. पेत्रोविचचे त्या दिवशी ७५. जुन्या मॅचशी तुलना करताना थ्रीची रेषा तेव्हा ६.२५ मीटरवर होती हे विसरू नका, आजची ६.७५ मीटरची रेषा २०१० पासूनची.

फाउल झालेला शॉट हुकला तर तो प्रयत्नांत धरत नाहीत. ब्लॉक झालेला मात्र धरतात.

पझेशन काढा

पझेशन म्हणजे संघाला चेंडू ताब्यात घेऊन खेळायला मिळालेल्या संधी. सगळ्यात उपयोगी आकडा हाच, आणि नेमका तोच बऱ्याच तक्त्यांत छापलेला नसतो. सूत्र असं: शॉटचे प्रयत्न + ०.४४ × फ्री थ्रोचे प्रयत्न − आक्रमणातले रिबाउंड (आपलाच हुकलेला शॉट परत पकडला तो) + टर्नओव्हर. समजा ६२ शॉट, २० फ्री थ्रो, आक्रमणातले १० रिबाउंड, १४ टर्नओव्हर: ६२ + ८.८ − १० + १४ = ७४.८. संघाचे गुण ८१ असतील तर १०० पझेशनमागे सुमारे १०८. दोन फ्री थ्रोमागे एक पझेशन धरलं तर ०.५ यायला हवं, मग ०.४४ का? बास्केट झाल्यावर मिळणारा एकेरी फ्री थ्रो आणि टेक्निकल फाउलचे फ्री थ्रो वेगळं पझेशन खात नाहीत. टर्नओव्हर घेताना संघाच्या ओळीतलेही घ्या. दोन्ही संघांची पझेशन दोन-तीनच्या फरकात यायला हवीत. आठाचा फरक आला तर बहुधा रिबाउंडचा रकाना चुकलाय.

रिबाउंडचंही प्रमाण काढा: आपले आक्रमणातले १०, समोरच्यांचे बचावातले २६, तर १० भागिले ३६, म्हणजे २८ टक्के. नुसता १० हा आकडा फसवा आहे, कारण शॉट जास्त हुकले की तो आपोआप फुगतो.

एफिशियन्सी आणि इंडेक्स

या दोन्हींची गल्लत फार होते. समजा खेळाडूचे १४ गुण, ६ रिबाउंड, ३ असिस्ट, १ स्टील. हुकलेले ७ शॉट, १ फ्री थ्रो, २ टर्नओव्हर. एफिशियन्सी म्हणजे चांगल्या आकड्यांची बेरीज वजा हुकलेले शॉट, फ्री थ्रो आणि टर्नओव्हर: २४ − १० = १४. एबीए लीग (आसपासच्या देशांतल्या क्लबांची सामाईक लीग) आणि युरोलीगमध्ये इंडेक्स चालतो. त्यात मिळवलेले फाउल, म्हणजे समोरच्याने आपल्यावर केलेले, जमा होतात, केलेले फाउल आणि स्वतःचे ब्लॉक झालेले शॉट वजा होतात. त्याच खेळाडूने ५ फाउल मिळवले, २ केले, १ शॉट ब्लॉक झाला, तर इंडेक्स १६. त्सिबोना, झादर, स्प्लिट देशांतर्गत लीगही खेळलेत आणि एबीएही, म्हणून सरासरी शेजारी मांडण्याआधी कुठला आकडा कुठल्या लीगचा ते बघा.

असिस्टचीही एक गोम आहे. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) मोजणीत पास घेणाऱ्यावर शॉट मारताना फाउल झाला आणि त्याचा एक जरी फ्री थ्रो गेला, तरी असिस्ट मिळतो. एनबीएत तसं नाही. दोन्हीकडचे आकडे थेट ताडून बघू नका.

तळाच्या चौकटीत टर्नओव्हरवरचे गुण, पेंटमधले (बास्केटजवळच्या रंगीत पट्ट्यातले) गुण, सेकंड चान्स (आक्रमणातल्या रिबाउंडनंतरचे), फास्ट ब्रेक (धावत जाऊन केलेले) आणि बेंचचे (बदली खेळाडूंचे) गुण असतात. यांची बेरीज करू नका: चोरलेल्या चेंडूवर धावत जाऊन केलेला एकच ले-अप तीन ठिकाणी मोजला जातो. बदली खेळाडूने मारला असेल तर चार.