पंपामुळे आवाज बसतो तेव्हा: या चुका टाळा

दम्याचा पंप सुरू होतो आणि दीड-दोन महिन्यांत आवाज घोगरा होतो. वरचे सूर लागत नाहीत, संध्याकाळपर्यंत बोलवत नाही. मी आवाजाची थेरपी देते, त्यामुळे अशा तक्रारी घेऊन शिक्षक येतात, कीर्तनकार येतात, गाणं शिकणाऱ्या मुली येतात. त्यातल्या बऱ्याच जणांनी माझ्याकडे यायच्या आधीच सगळ्यात घातक चूक करून ठेवलेली असते.

पंप परस्पर बंद करणे

रोज घ्यायच्या पंपात ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन किंवा बेक्लोमेथासोन असं एखादं स्टेरॉइड असतं. ते फुप्फुसांसाठी असतं, पण पंप थेट तोंडात मारला तर फवाऱ्याचा मोठा भाग घशातच बसतो. स्वरतंतू वाटेतच आहेत. रोजच्या माऱ्याने त्यांचं अस्तर चिडतं, त्यांना हलवणारे बारीक स्नायू थोडे ढिले पडतात आणि बोलताना ते नीट मिटत नाहीत. फटीतून हवा गळते, म्हणून आवाज फाटतो. स्वरतंतू जळाले, आवाज कायमचा गेला, असा याचा अर्थ नाही. डोस कमी झाला किंवा औषध बदललं की बहुतेकांचा आवाज परत येतो.

पण हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या एका बाईंचा आवाज शाळा उघडल्या उघडल्या बसला. स्टाफरूममध्ये कोणी तरी सांगितलं, ‘स्टेरॉइड आहे ते, सोडून द्या.’ त्यांनी सोडलं. आवाज खरंच सुटला, त्यामुळे सल्ला बरोबर होता अशी त्यांची खात्रीच पटली. दम लागला की निळा सालब्युटामॉलचा पंप मारायचा, एवढंच चालू राहिलं. निळ्या पंपाने श्वासनळ्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या होतात, आतली सूज मात्र तशीच राहते. दिवाळीच्या सुमारास सर्दी झाली, फटाक्यांचा धूर लागला आणि मध्यरात्री त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं. वाक्य पुरं करता येत नव्हतं. ऑक्सिजन, नेब्युलायझर आणि वर स्टेरॉइडच्याच गोळ्या. पंपाच्या एका फवाऱ्यात साधारण शंभर-दोनशे मायक्रोग्रॅम औषध असतं, गोळी मिलिग्रॅममध्ये असते. म्हणजे ज्याला घाबरून पंप सोडला, तेच कितीतरी जास्त प्रमाणात पोटात गेलं. दम्यावर नुसत्या निळ्या पंपावर राहू नका, हे दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्येही २०१९ पासून स्पष्ट लिहिलेलं आहे.

घाईघाईत पंप मारणे

बाई बऱ्या झाल्यावर मी त्यांना म्हटलं, ‘पंप कसा घेता ते दाखवा.’ न हलवता, मान खाली घालून, पाठोपाठ दोन फवारे, आणि श्वास ओढायचा तो पंप दाबून झाल्यावर. नवीन पेशंटपैकी कितीतरी जण असंच करतात, कारण शिकायला पाच मिनिटं द्यायची कोणाची तयारी नसते. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, दाबतानाच सावकाश आत ओढा, दहा सेकंद रोखा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटाने.

आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, वापराच. मोठे, जड थेंब त्या नळीतच बसतात, घशात कमी जातात. ‘पर्समध्ये मावत नाही’ हे कारण मला पटत नाही. नियमित पंप सकाळ-संध्याकाळ घरीच घ्यायचा असतो. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि तसाच वाळू द्या. फडक्याने पुसला तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतच चिकटून बसतं.

कॅप्सूलमधली पूड ओढायच्या इनहेलरचं तंत्र उलट आहे. तिथे श्वास जोरात आणि खोल ओढायचा, आणि त्याला स्पेसर लागत नाही. ती पूड काहींच्या घशाला जास्त टोचते. तसं होत असेल तर स्पेसरवर घ्यायचा पंप चालेल का, ते विचारा. (कॅप्सूल गिळणारेही भेटतात. ती गिळायची नसते. आणि ती बाथरूममध्ये ठेवू नका, पूड ओल धरते.)

‘मी चूळ भरते की!’

चूळ आणि गुळणी वेगळी. मान मागे टाकून घशापर्यंत पाणी न्या, खळखळवा, थुंका, दोनदा. गिळू नका. मी सगळ्यांना पंप दात घासायच्या आधी घ्यायला लावते, म्हणजे गुळणी विसरत नाही. याने तोंडात पांढरे चट्टे पडणारा बुरशीचा संसर्ग टळतो. पण गुळणीचं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही, त्यामुळे गुळण्या करते म्हणून स्पेसर नको, हा हिशेब चुकीचा आहे.

बारीकसारीक, पण रोजच्या

सारखं खाकरणं सोडा, स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. पाण्याचा घोट घ्या. कुजबुजूही नका, बसलेल्या आवाजावर तिचाही ताण येतो. पेपरमिंटच्या गोळ्यांनी गार वाटतं, घसा कोरडाच राहतो. ज्येष्ठमध चघळायचं तर थोडं चघळा, रक्तदाब असेल तर तेही नको. रात्री उशिरा जेवून लगेच आडवे होऊ नका, वर येणारं आम्ल त्याच घशाला लागतं.

त्या शिक्षिकेचा दमा आवाक्यात आल्यावर डॉक्टरांनीच डोस कमी केला. आवाज पुष्कळ सुधारला, तरी शेवटच्या तासाला थकतो. त्या आता वर्गात गळ्यात अडकवायचा छोटा माइक वापरतात आणि मला ते पूर्ण मान्य आहे.

गाणाऱ्यांनी डॉक्टरांना सिक्लेसोनाइड या पंपातल्या दुसऱ्या स्टेरॉइडबद्दल जरूर विचारावं. ते मुख्यतः फुप्फुसात गेल्यावर कामाला लागतं, म्हणून घशाला त्रास कमी देतं. आणि हे सगळं करूनही तीन-चार आठवड्यांत आवाज सुधारला नाही, तर पंपावर बोट ठेवून बसू नका. तंबाखू-सिगारेट असेल, गिळताना दुखत असेल किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर तेवढंही थांबू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरतंतू बघून घ्या. काही मिनिटांचं काम आहे. जाताना पंप आणि स्पेसर सोबत न्या आणि कसा घेता ते डॉक्टरांसमोर करून दाखवा.