टाइप १ मधुमेह झालेल्या मुलाच्या घरच्यांना इन्सुलिन शिकवताना

टाइप १ मधुमेहाचे नुकतेच निदान झालेले मूल बालरोग वॉर्डात दाखल होते, तेव्हा पहिले दोन दिवस सलाईन, रक्तातील साखरेच्या तपासण्या आणि डॉक्टरांच्या फेऱ्या यांतच जातात. मूल उठून बसले आणि आईला रात्रभर झोप मिळाली, की परिचारिकेचे शिकवण्याचे काम सुरू होते. कारण पुढच्या चार-पाच दिवसांत आपण जे शिकवू, त्याच्या भरवशावर ते कुटुंब घरी रोज तीन-चार वेळा त्या मुलाला सुई टोचणार असते. बालरोग वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या परिचारिकांना डोळ्यांपुढे ठेवून मी हे लिहीत आहे.

सुई हातात देण्यापूर्वी आईच्या मनातला सल बाहेर काढावा. ‘मी फार गोड खाऊ घातले म्हणून हे झाले’ असे जवळजवळ प्रत्येक आईला वाटत असते, आणि ते ती आपणहून बोलत नाही. शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट केल्या आहेत, यात कोणाचीही चूक नाही, आणि गोळ्या, कारल्याचा रस किंवा कोणताही काढा इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगावे. हे सांगताना वडील आणि शक्य असल्यास आजीही समोर असावी. ‘आता पोराला बरे वाटते आहे, सुया पुरे करा’ हा सल्ला पुष्कळदा घरातल्या वडीलधाऱ्या माणसांकडून येतो आणि एकट्या सुनेला तो मोडून काढता येत नाही. इन्सुलिन बंद केले, तर मूल काही दिवसांतच अत्यवस्थ होते.

यानंतर बाटली आणि सिरिंज शेजारी शेजारी ठेवून दाखवावी. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या मुख्यतः यू-४० शक्तीच्या, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या मिळतात, तर पेनमधले (लेखणीच्या आकाराच्या टोचण्याच्या साधनातले) इन्सुलिन आणि काही बाटल्या यू-१०० शक्तीच्या असतात. यू-४० ची सिरिंज लाल टोपणाची आणि यू-१०० ची केशरी टोपणाची असते. यू-४० चे इन्सुलिन केशरी टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरले, तर मुलाला दहाऐवजी चारच युनिट मिळतात. याउलट यू-१०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये तेवढेच भरले, तर पंचवीस युनिट जातात, आणि एवढ्या मात्रेने लहान मूल बेशुद्ध पडू शकते. माझ्या पाहण्यातली एक मुलगी घरी गेल्यावर दोन आठवडे सतत चढलेल्या साखरेने हैराण होती. आईचे तंत्र अचूक होते, खाण्यापिण्याची नोंदही नीट ठेवलेली होती. मी तिला पिशवीतले सगळे सामान टेबलावर मांडायला सांगितले, तेव्हा यू-४० च्या बाटलीशेजारी केशरी टोपणाच्या सिरिंजांचे पाकीट निघाले. दुकानात लाल टोपणाच्या संपल्या होत्या, म्हणून ‘याही चालतात’ असे सांगून त्या दिल्या होत्या. तेव्हापासून मी प्रत्येक आईला सिरिंजचे रिकामे पाकीट आणि बाटलीचे खोके दुकानात सोबत न्यायला सांगते.

टोचण्याची कृती एकदा आपण करून दाखवावी आणि नंतर आपला हात मागे घ्यावा. हात धुणे, दुधी रंगाचे इन्सुलिन असल्यास बाटली न हलवता तळहातांमध्ये दहा-वीस वेळा फिरवणे, दोन प्रकार एकत्र भरायचे असल्यास आधी पारदर्शक आणि मग दुधी ओढणे, बुडबुडे काढणे, कातडी हलक्या चिमटीत धरून टोचणे आणि दहापर्यंत मोजून सुई बाहेर काढणे, ही सगळी कृती आईने आपल्यासमोर किमान तीन वेगवेगळ्या वेळी स्वतः केलेली असावी. ‘समजले का?’ असे विचारले की सगळे ‘हो’ म्हणतात. त्या उत्तरावर घरी सोडू नये. आईला वाचता येत नसेल, तर मी कागदावर सिरिंजचे मोठे चित्र काढते, मात्रेच्या खुणेवर लाल रेघ ओढते आणि सकाळच्या चित्राशेजारी सूर्य, रात्रीच्या चित्राशेजारी चंद्र काढून देते. मात्रा बदलली की जुना कागद फाडून नवा द्यावा.

टोचण्याची जागा रोज थोडी बदलावी. पोट, मांड्या, दंडाची बाहेरची बाजू आणि कुल्ले यांपैकी कुठेही टोचता येते. मात्र मुलांना दुखणार नाही अशी एक जागा सापडते आणि मग ती तिथेच टोचून घेतात. तिथे गाठ धरते आणि गाठीतून इन्सुलिन नीट शोषले जात नाही. म्हणून दर भेटीत त्या जागांवरून बोटे फिरवून पाहावे.

न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवाव्यात, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही; गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे. वापरातली बाटली साधारण चार आठवडे सावलीत, थंड जागी चालते. फ्रिज नसल्यास ती डबीत घालून ओल्या वाळूच्या मातीच्या मडक्यात ठेवता येते, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात तर ही व्यवस्था पहिल्या दिवसापासूनच सांगावी.

साखर कमी होण्याची लक्षणे मुलाकडूनच वदवून घ्यावीत, कारण ती त्याला सर्वांत आधी जाणवतात: घाम, थरथर, अचानक भूक, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी. साखर ७० च्या खाली असेल, किंवा तपासायला यंत्र जवळ नसेल, तर लगेच साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यावे. १५ किलोच्या मुलाला एक चमचा, ३० किलोच्या मुलाला दोन आणि मोठ्या मुलाला तीन सपाट चमचे. चॉकलेट देऊ नये, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, साखर कमीच असेल तर तेवढेच पुन्हा द्यावे, आणि जेवणाला वेळ असल्यास पोळी किंवा दूध द्यावे. मूल बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता त्याला कुशीवर वळवून तातडीने रुग्णालयात न्यावे. हे वर्गशिक्षकांनाही लिहून द्यावे आणि दप्तरात ग्लुकोजची पुडी कायम असावी.

उलट्या होत असताना आणि मूल जेवत नसताना काय करायचे, हे शिकवणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ‘पोटात काही नाही, मग सुई कशाला’ हा विचार साहजिक असला तरी घातक आहे, कारण आजारपणात शरीराला इन्सुलिनची गरज पुष्कळदा वाढते. मात्रा कमी-जास्त करायची ती डॉक्टरांना विचारून, परंतु इन्सुलिन पूर्ण बंद करायचे नाही, दर दोन-चार तासांनी साखर तपासायची आणि लघवीतील कीटोन (इन्सुलिन कमी पडले की चरबी जळून तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) पाहायचे. पोटात दुखणे, सतत उलट्या, खोल आणि जलद श्वास किंवा श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येत असल्यास घरी थांबू नये.

बारा-तेरा वर्षांच्या पुढच्या मुलांशी थोडा वेळ एकट्याने बोलावे. वयात येताना संप्रेरकांमुळे इन्सुलिन कमी परिणाम करते, त्यामुळे साखर वाढली की ‘काय खाल्लेस?’ असा पहिला प्रश्न नसावा. सुई चुकवली असेल, तर ते सांगता येईल असा आपला आवाज असावा. मुलींच्या मनात लग्नाची आणि लोक काय म्हणतील याची भीती असते, आणि शाळेच्या स्वच्छतागृहात लपून सुई घेण्याची वेळ त्यांच्यावर येते. त्यांच्यासाठी शाळेत एखादी स्वच्छ खोली मागून घ्यावी. एका चौदा वर्षांच्या मुलाला मी सांगितले होते, की जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत ज्याला सर्वप्रथम इन्सुलिन टोचले, तो लेनर्ड थॉम्पसनही चौदाच वर्षांचा होता. हे ऐकून माझ्यासमोरच्या त्या मुलाने सिरिंज उजेडाकडे धरली, बुडबुडा टिचकी मारून वर आणला आणि त्या दिवशी प्रथमच आईला बाहेर थांबायला सांगितले. मी आईला दाराआडून पाहायला सांगितले, कारण या वयात सुई मुलाच्या हाती दिली, तरी मात्रेची खूण मोठ्या माणसाने रोज पाहायची असते.