चर्चच्या फरशीवर शलमोनाचे मंदिर: अभ्यासवर्ग कसा घ्यावा

मंदिराचा धडा नुसता वाचून दाखवला की मापे कानावरून जातात आणि अर्थही त्यांच्याबरोबर जातो. म्हणून इस्राएलचा राजा शलमोन याने यरुशलेमेत बांधलेले हे मंदिर आधी फरशीवर आखा, मगच शास्त्र (बायबल) उघडा. खडू, ३५ मीटर सुतळी, चिकटपट्टी, एक जुनी चादर आणि दोन तास एवढे पुरते.

१ राजे ६ मध्ये मंदिर ६० हात लांब, २० हात रुंद आहे. एक हात म्हणजे सुमारे ४५ सेंटीमीटर. आपण हाताला १५ सेंटीमीटर धरू, म्हणजे ९ मीटर बाय ३ मीटरचा आयत होईल. दोन्ही कर्ण मोजा. ते साधारण ९ मीटर ४९ सेंटीमीटर भरले नाहीत तर कोपरे तिरके गेलेत. पूर्वेला १० हातांची देवडी, म्हणजे आणखी दीड मीटर. पश्चिमेकडचे ३ मीटर हे परमपवित्रस्थान, म्हणजे सर्वांत आतली खोली. त्याच्यापुढे पडदा म्हणून चादर आडवी बांधा. जागा कमी असेल तर निवासमंडप (मंदिराआधीचा, हलवता येणारा उपासनेचा तंबू) आखा: त्याची लांबीरुंदी बरोबर निम्मी आहे.

आता साधारण पाच फूट उंचीची दोन मुले चादरीआड शेजारीशेजारी उभी करा, हात पसरून. ही मुले म्हणजे करूब, पंख असलेल्या स्वर्गीय प्राण्यांच्या मूर्ती. करूब १० हात उंच आणि पंखही टोकापासून टोकापर्यंत १० हात. मुलांची बोटे मधे एकमेकांना आणि बाहेर दोन्ही भिंतींना टेकतील. कराराचा कोश (दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी) म्हणून बुटांचे खोके ठेवा. या प्रमाणात तो जेमतेम ३८ सेंटीमीटर लांब होतो.

बाकी सगळ्यांना देवडीबाहेर, होमवेदीच्या (अर्पणे जाळण्याच्या वेदीच्या) जागी थांबवा. सामान्य इस्राएली माणसाची हद्द तिथेच संपत असे. आत याजक (पुरोहित), आणि चादरीपलीकडे फक्त मुख्य याजक, वर्षातून एकाच दिवशी, रक्त घेऊन. लेवीय १६ इथे उभ्यानेच वाचा, घाई करू नका. मग चादर सोडा आणि इब्री १०:१९-२२ वाचत सगळ्यांना आत न्या.

इथे एक गल्लत नेहमी होते. येशू वधस्तंभावर मेला तेव्हा फाटलेला पडदा शलमोनाच्या मंदिरातला नव्हे. ते मंदिर बाबेलच्या सैन्याने इ.स.पूर्व ५८६ च्या सुमारास जाळले. येशूच्या काळी हेरोदाने वाढवलेले दुसरे मंदिर होते, ज्यात कोश नव्हताच, आणि तेही रोमनांनी इ.स. ७० मध्ये पाडले. शिवाय प्रत्येक खुंटीत आणि रंगात ख्रिस्त शोधू नका. नव्या करारानेच जोडलेले दुवे आधी धरा: योहान २:२१ मध्ये मंदिर म्हणजे येशूचे शरीर, १ पेत्र २:५ मध्ये विश्वासणारे म्हणजे त्या मंदिराचे जिवंत दगड.

१ करिंथ ३:१६ ला मात्र जास्त वेळ द्या. 'तुम्ही देवाचे मंदिर आहा' यातले 'तुम्ही' मराठीत आदरार्थी एकवचनही वाटते, म्हणून जो तो ते स्वतःपुरते घेतो. मूळ ग्रीकमध्ये ते अनेकवचन आहे. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल गटबाजीने फुटत चाललेल्या मंडळीला सांगतो आहे की तुम्ही सगळे मिळून एक मंदिर आहात. व्यक्तीच्या शरीराची गोष्ट ६:१९ मध्ये, व्यभिचाराच्या संदर्भात येते. दोन्ही वचने वेगवेगळी शिकवा.

शेवटी सगळ्यांना त्या ३ मीटरच्या चौकोनात दाटीवाटीने उभे करा. परमपवित्रस्थान २० हात लांब, रुंद आणि उंच होते. मग प्रकटीकरण २१:१६ वाचा: नव्या यरुशलेमेची लांबी, रुंदी आणि उंचीही सारखीच. लगेच २२ वे वचन वाचा, जिथे त्या नगरीत मंदिर दिसत नाही, आणि वर्गाला विचारा: का बरे?