कमेंटचं आपोआप टास्क करताना आधी फिल्टर लावा

इन्स्टाग्राम किंवा फेसबुक पेजवर आलेली कमेंट थेट ट्रेलो किंवा असाना या कामांची यादी सांभाळणाऱ्या टूलच्या बोर्डवर कार्ड म्हणून उतरावी, यासाठी कोड लिहावा लागत नाही. झॅपियर किंवा मेक (Make) यांसारख्या, दोन अ‍ॅप एकमेकांना जोडणाऱ्या टूलमध्ये ‘ट्रिगर’ म्हणजे काय घडलं आणि ‘अ‍ॅक्शन’ म्हणजे मग काय करायचं, एवढं निवडलं की जोडणी तयार. दहा मिनिटांचं काम.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी असते. ‘मस्त!’, ‘🔥🔥’ अशा प्रत्येक कमेंटचं कार्ड बनतं आणि बोर्ड उकिरडा होतो. म्हणून ट्रिगर आणि अ‍ॅक्शनच्या मध्ये फिल्टर घाला: मजकुरात प्रश्नचिन्ह किंवा ‘किंमत’, ‘तक्रार’, ‘ऑर्डर’ असा शब्द असेल तरच पुढे जा. लोक ‘kimat’ असं रोमन लिपीतही लिहितात, तीही रूपं यादीत टाका. झॅपियरमध्ये फिल्टरची पायरी टास्कच्या कोट्यात, म्हणजे प्लॅनमध्ये मिळणाऱ्या कामांच्या मर्यादेत, मोजली जात नाही, त्यामुळे या चाळणीने कोटा संपत नाही.

कार्डाच्या वर्णनात मूळ पोस्टची लिंक हवीच. नाहीतर उत्तर कुठे द्यायचं हे शोधण्यातच वेळ जातो.

इन्स्टाग्रामचं खातं मात्र बिझनेस किंवा क्रिएटर प्रकारचं लागतं. साधं वैयक्तिक खातं जोडता येत नाही. आणि पासवर्ड बदलला की जोडणी बऱ्याचदा गुपचूप तुटते, तेव्हा एरर आल्यास ईमेल येईल अशी सोय सुरू ठेवा.

उलट दिशेची जोडणी, म्हणजे कार्ड ‘पूर्ण’मध्ये सरकवताच पोस्ट आपोआप प्रसिद्ध होणं, मी तरी टाळतो. चुकून सरकलेलं कार्ड सगळ्या फॉलोअर्सना दिसतं.